न घातलेली लवंग

पेला नाकाजवळ नेला की आधी येतो संत्र्याच्या सालीचा वास. त्याच्यामागून धणे, आत्ताच भरडल्यासारखे. आणि लगेच, अगदी स्पष्ट, लवंग. यातले धणे आणि साल या बिअरमध्ये खरोखरच घातलेले आहेत, आणि बनवणारे ते अभिमानाने सांगतात. लवंग मात्र कुणीही घातलेली नाही. लवंगेची पूड नाही, अर्क नाही, तेलाचा थेंब नाही. तरी ती पेल्यात आहे, आणि नाकाला तिची ओळख पटायला क्षणभरही लागत नाही.

बाटली अमेरिकेतली, ईशान्येकडच्या मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरातून आलेली. ब्रुअरीचं नाव अलागॅश, बिअरचं नाव अलागॅश व्हाइट, आणि घडण बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरची, जिला विटबिअर म्हणतात. बॉस्टनला राहणाऱ्या भाच्याने सुट्टीवर येताना बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून ती आणली आणि आम्ही ती कशेळीत उघडली. ठाण्याहून भिवंडीकडे जाताना खाडीचा पूल ओलांडला की हे गाव लागतं. एका अंगाला उल्हास नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला फर्निचरची दुकानं आणि मेट्रोचे खांब, आणि पुढे काल्हेर, पूर्णा या गावांपर्यंत पसरलेली गोदामं. जगभरातला माल मुंबईच्या घराघरांत पोचण्याआधी याच पट्ट्यात विसावतो. शेजारच्या काकी बिअर पीत नाहीत, पण वास घ्यायला त्यांची हरकत नव्हती. पेला हुंगून त्या म्हणाल्या, "यात गरम मसाला घातलाय का रे?"

काकींच्या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की वाट हिंगापर्यंत, फळमाशीपर्यंत, हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आणि एका दूधवाल्यापर्यंत जाते.

पेल्यात काय आहे

आपल्याकडे बिअर म्हणजे पारदर्शक, सोनेरी, बर्फगार आणि किंचित कडू, अशी सवय झालेली आहे. ती सगळी लागर घराण्यातली बिअर. विटबिअर दिसायलाच वेगळी. रंग फिकट पिवळा आणि धुकट, पेल्यापलीकडची बोटं दिसणार नाहीत इतका. वर पांढराशुभ्र, दाट फेस.

हा धुकटपणा म्हणजे बिघाड नव्हे. बहुतेक बिअर माल्टपासून बनते. बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट होतं. मोड येताना दाण्यात जागी झालेली विकरं पुढे पिष्टाची साखर करतात. विटबिअरमध्ये मात्र माल्टच्या जोडीला मोड न आणलेला, कच्चा गहूही भरपूर असतो, पारंपरिक पद्धतीत जवळपास निम्मा. काही जण थोडे ओट्सही घालतात, आणि अलागॅशही घालते. कच्च्या गव्हातली प्रथिनं आणि तरंगत राहिलेलं यीस्ट प्रकाश विखुरतात, म्हणून पेला धुकट दिसतो. तीच प्रथिनं फेसाला आधार देतात आणि घोटाला किंचित मऊपणा.

कडूपणा नावापुरता. तो देणारी हॉप्सची फुलं घातलेली असतात, पण जेमतेम. मद्यार्क साधारण ५ टक्के; अलागॅश व्हाइटमध्ये ५.२. वासाचा सगळा भार धणे, संत्र्याची साल आणि यीस्ट या तिघांवर. त्यातलं यीस्ट हेच खरं नवलाचं प्रकरण आहे.

हिंगातलं आम्ल, लवंगेचा वास

गव्हाच्या आणि बार्लीच्या दाण्याचं टरफल कडक असतं. त्याच्या पेशींच्या भिंती साखरेच्या लांबलचक साखळ्यांनी बांधलेल्या असतात, आणि त्या साखळ्यांना जागोजाग फेरुलिक आम्लाचे रेणू चिकटलेले असतात. हे आम्ल तांदळाच्या कोंड्यातही आहे आणि गव्हाच्या कोंड्यातही. रसायनशास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं १८६६ साली, आणि तेही कुठल्या धान्यातून नव्हे, तर हिंगाच्या डिंकातून. आमटीच्या फोडणीत पडणाऱ्या हिंगात जे आम्ल माणसाला प्रथम सापडलं, तेच पोळीच्या कणकेत आणि बिअरच्या माल्टमध्ये आधीपासून बसलेलं होतं.

फेरुलिक आम्लाला स्वतःचा फारसा वास नसतो. भरडलेलं धान्य कोमट पाण्यात साधारण ४५ अंशांवर काही वेळ ठेवलं, तर विकरांमुळे ते दाण्याच्या भिंतीतून सुटून पाण्यात उतरतं. लवंगेचा वास वाढवायचा असेल तर ब्रुअर मुद्दाम या तापमानावर थांबतात. पुढे साखरेचं पाणी उकळतं, गार होतं आणि त्यात यीस्ट पडतं.

यीस्टला हे आम्ल नकोसं असतं, कारण ते त्याच्या वाढीला त्रासदायक ठरतं. म्हणून काही यीस्टच्या पेशी ते मोडून टाकतात. फेरुलिक आम्लाच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइडचा एक तुकडा तोडला की जे उरतं त्याचं नाव ४-व्हायनिल ग्वायकॉल. आणि हा रेणू लवंगेसारखा वास देतो.

खऱ्या लवंगेला वास देणारा रेणू म्हणजे युजेनॉल. दातदुखीवर लावायच्या लवंगेच्या तेलात तोच असतो. हे दोन रेणू शेजारी काढून पाहावेत. सहा कार्बनचं तेच कडं, त्यावर त्याच जागी बसलेले तेच दोन गट. फरक एवढाच, की युजेनॉलच्या शेपटीत तीन कार्बन आहेत आणि यीस्टने बनवलेल्या रेणूच्या शेपटीत दोन. एका कार्बनचा फरक. मोलुकास बेटांवरचं लवंगेचं झाड आणि बेल्जियमच्या तळघरातलं एकपेशीय यीस्ट यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, तरी दोघं जवळजवळ एकाच रेणूपाशी येऊन पोचली. याच कुटुंबातला तिसरा रेणू म्हणजे व्हॅनिलाला वास देणारा व्हॅनिलिन. तेच कडं, शेपूट वेगळी.

आणि हा वास ओळखायला लागतं किती? दहा लाख भागांत अर्ध्या भागाहूनही कमी. एवढ्याशा रेणूंवरून काकींच्या नाकाने मसाल्याचा डबा ओळखला.

हाकलून दिलेला वास

मग प्रत्येक बिअरला लवंगेचा वास का येत नाही? धान्य तेच, आम्ल तेच, आणि लागर सोडली तर यीस्टची जातही बहुतेक वेळा तीच: सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पाव फुगवणारं यीस्टही याच जातीचं.

उत्तर दोन जनुकांमध्ये आहे. पीएडी१ आणि एफडीसी१ ही त्यांची नावं. ही दोन्ही चालू असतील तर यीस्ट फेरुलिक आम्ल मोडतं आणि लवंगेचा वास येतो. एखादंही बिघडलेलं असेल तर येत नाही. बेल्जियममधल्या लूव्हेनचे केव्हिन व्हरस्ट्रेपेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५७ यीस्टचे संपूर्ण जनुकसंच वाचून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिअर, वाइन, पाव, साके अशा उद्योगांत वापरली जाणारी ही यीस्टं होती. त्यांना आढळलं की बिअरची बहुतेक यीस्टं खऱ्या अर्थाने पाळीव आहेत. शतकानुशतकं एका पिंपातून दुसऱ्या पिंपात टाकली जाताना ती रानातल्या आपल्या भाऊबंदांपासून तुटली. आणि त्यांतल्या बहुतेकांमध्ये लवंगेचा वास तयार करणारी जनुकं निकामी झालेली आहेत.

ज्या काळात जनुक म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं, यीस्ट नावाचा जीव असतो हेही ठाऊक नव्हतं, त्या काळातल्या ब्रुअरनी हे केलं. ज्या पिंपातल्या बिअरला मसाल्याचा वास येई ती त्यांना बिघडलेली वाटे. तिच्या तळाचा यीस्टचा गाळ ते पुढे वापरत नसत. ज्या पिंपातली बिअर स्वच्छ चवीची, तिचाच गाळ पुढच्या पिंपात. पिढ्यानपिढ्या नुसत्या जिभेने केलेली ही निवड यीस्टच्या जनुकांत कोरली गेली.

गव्हाची बिअर करणारे मात्र वेगळे निघाले. दक्षिण जर्मनीत आणि बेल्जियममध्ये त्यांना हाच वास हवा होता. म्हणून त्यांच्या यीस्टमध्ये ती जनुकं अजून जागी आहेत. कशेळीतल्या पेल्यात जी लवंग आली ती अशी, कुणीतरी शेकडो वर्षं तिला जाऊ दिलं नाही म्हणून.

माशीला घातलेली साद

घोट गिळल्यावर नाकातून श्वास सोडला की आणखी एक वास मागून येतो, पिकलेल्या फळाचा. कधी केळं, कधी नासपती. फळही कुणी घातलेलं नाही. यीस्ट साखर खाताना मद्यार्क तयार करतं, आणि त्याबरोबर अगदी थोड्या प्रमाणात एस्टर नावाची संयुगं. त्यातलं आयसोअमाइल ॲसिटेट हे केळ्याच्या वासाचं मुख्य संयुग. बेल्जियमची यीस्टं लागरच्या यीस्टपेक्षा बऱ्याच उबदार तापमानाला, साधारण २० अंशांच्या आसपास काम करतात, आणि उबेत एस्टर जास्त तयार होतात.

पण यीस्टने हे का करावं? केळ्याच्या वासाचा त्याला काय उपयोग? व्हरस्ट्रेपेन यांच्याच प्रयोगशाळेने २०१४ साली यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. एस्टर तयार करणारं एटीएफ१ हे जनुक काढून टाकलेलं यीस्ट आणि नेहमीचं यीस्ट फळमाश्यांपुढे ठेवलं. माश्या नेहमीच्या, वासाच्या यीस्टकडे जास्त ओढल्या गेल्या. यीस्टला पाय नाहीत, पंख नाहीत. एका फळावरची साखर संपली की दुसऱ्या फळावर जायला त्याला वाहन लागतं. तो फळाचा वास म्हणजे माशीला घातलेली साद. माशी येते, यीस्ट तिच्या पायांना चिकटतं आणि नव्या फळावर उतरतं.

ताडीच्या मडक्याभोवती माश्या का घोंघावतात हे ज्याने पाहिलं आहे त्याला हे पटायला अवघड नाही. ठाणे-पालघरच्या पट्ट्यात ताडाच्या झाडावरून सकाळी उतरवलेली गोड नीरा दुपारपर्यंत आंबून ताडी होते, ती कुणी यीस्ट घालतं म्हणून नव्हे. हवेतलं, मडक्यातलं, माश्यांच्या पायांवरचं यीस्ट आपसूक कामाला लागतं. ब्रसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यात लॅम्बिक नावाची बिअर अशीच बनते: उकळलेलं धान्याचं पाणी उथळ, उघड्या हौदात रात्रभर निवत ठेवायचं आणि हवेतल्या जिवांना आत येऊ द्यायचं. अलागॅशने २००७ साली मेनमध्ये असाच हौद बांधला. अमेरिकेची हवा, अमेरिकेचे जीव आणि बेल्जियमची रीत.

धणे आणि साल

आता काकींचा अंदाज जिथे बरोबर निघाला ते धणे. कोथिंबिरीचं पान आणि धणा एकाच झाडाचे, पण वासाने किती दूर! हिरव्या पानात आणि कोवळ्या फळात अल्डिहाइड प्रकारची संयुगं असतात. काही लोकांना कोथिंबीर साबणासारखी लागते ती त्यांच्यामुळेच. फळ पिकून वाळत जातं तशी ही संयुगं कमी होतात आणि लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य वाढतं. धण्याच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या लिनालूलचा. हेच द्रव्य लव्हेंडरमध्ये, तुळशीच्या कुळातल्या काही जातींत आणि हॉप्सच्या फुलातही असतं. म्हणून बिअरमध्ये धणे परके वाटत नाहीत. जो वास हॉप्समधून थोडा येतो तोच धण्यांतून भरभरून येतो.

आपले धणे आणि युरोपातले धणे सारखे नसतात. आपल्याकडचे मोठे, लांबट, फिकट. त्यात तेल कमी. थंड प्रदेशातले लहान, गोल, गडद. त्यात तेल कितीतरी जास्त. गोड्या मसाल्याला किंवा आगरी मसाल्याला आपले धणे लागतात कारण ते भाजून, कुटून रस दाट करतात. त्यांचं काम नुसता वास देण्याचं नाही. बिअरला मात्र फक्त वास हवा असतो. त्यामुळे इथे विटबिअर करणाऱ्याला बेल्जियमची कृती जशीच्या तशी उचलून चालत नाही. किती धणे, किती भरडलेले, उकळीत केव्हा टाकायचे, हे आपल्या धण्यांचा वास घेऊन ठरवावं लागतं.

इथेही यीस्ट स्वस्थ बसत नाही. धण्यात लिनालूलबरोबर गुलाबाच्या वासाचं जिरॅनिऑल असतं. आंबताना यीस्ट त्यातल्या काही भागाचं सिट्रोनेलॉल करतं, ज्याचा वास लिंबाकडे झुकणारा असतो. म्हणजे पेल्यात जो लिंबूवर्गीय ताजेपणा वाटतो तो सगळा सालीचा नसतो. त्यातला काही धण्यातून निघून यीस्टच्या हातून गेलेला असतो.

साल असते ती कडू संत्र्याची, परंपरेने कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ बेटाच्या नावाने ओळखली जाणारी. स्पॅनिश लोकांनी तिथे नेलेली झाडं त्या रुक्ष मातीत कडू फळं देऊ लागली. गर खाता येईना, पण वाळलेल्या सालीचा वास अप्रतिम निघाला. पण संत्र्याचं मूळ गाव कॅरिबियन नाही, स्पेनही नाही. २०१८ साली लिंबूवर्गीय फळांच्या जनुकसंचांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की या सगळ्या कुळाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान या टापूत झाला. कडू संत्रं म्हणजे पपनस आणि मँडरिन संत्रं यांचा संकर. कशेळीतल्या पेल्यातली ही साल आसामच्या शेजारातून निघून अरबांबरोबर भूमध्य समुद्राकडे, तिथून स्पेन, मग कॅरिबियन, मग मेन आणि शेवटी पुन्हा भारतात आली.

दूधवाल्याने वाचवलेली बिअर

एवढ्या सगळ्या गोष्टी ज्या बिअरमध्ये एकत्र येतात ती बिअर एकदा जगातून नाहीशी झाली होती.

ब्रसेल्सच्या पूर्वेला, गव्हाच्या शेतांच्या प्रदेशात हुगार्डन नावाचं गाव आहे. पांढऱ्या, धुकट गव्हाच्या बिअरचं हे माहेर. गावात एकेकाळी डझनावारी ब्रुअरी होत्या. पण विसाव्या शतकात स्वच्छ सोनेरी लागरची लाट आली, दोन महायुद्धं झाली, आणि एकेक ब्रुअरी मिटत गेली. शेवटची टॉमसिन १९५७ साली बंद पडली. पाककृती कुठल्या ग्रंथात लिहिलेली नव्हती. ती हातांत आणि जिभांवर होती.

गावात पियर सेलिस नावाचा दूधवाला होता. तरुणपणी टॉमसिनमध्ये त्याने हाताखाली काम केलं होतं, त्यामुळे काय केव्हा पिंपात पडतं ते त्याने पाहिलेलं होतं. गावातली म्हातारी माणसं त्या बिअरची आठवण काढून हळहळत. १९६० च्या दशकाच्या मध्यावर सेलिसने जुनी भांडी जमवली आणि स्वतःच ती बिअर करायला घेतली. ज्यांना मूळ चव आठवत होती ती माणसं अजून हयात होती. तीच त्याची परीक्षक. आणखी वीस वर्षं गेली असती तर ती साक्षही उरली नसती.

बिअर चालली, भरपूर चालली. १९८५ साली ब्रुअरीला आग लागली. पुन्हा उभी करायला पैसा लागला, तो मोठ्या कंपनीकडून आला, आणि हळूहळू ब्रुअरीचा ताबाही तिच्याकडे गेला. आपली बिअर आपल्याला हवी तशी करता येईना म्हटल्यावर सेलिस साठी ओलांडलेला असताना अमेरिकेला गेला. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९९२ साली त्याने नवी ब्रुअरी काढली आणि हुगार्डनची बिअर सेलिस व्हाइट या नावाने अमेरिकेत करू लागला. पुढे तीही ब्रुअरी मोठ्या कंपनीकडे गेली आणि बंद पडली. सेलिस २०११ साली वारला. त्याची मुलगी क्रिस्टीन हिने २०१७ साली ऑस्टिनमध्ये सेलिस ब्रुअरी पुन्हा सुरू केली.

अमेरिकेने काय केलं

सेलिस ज्या अमेरिकेत पोचला ती बिअरच्या बाबतीत नुकतीच जागी होत होती. १९२० ते १९३३ या काळातल्या दारूबंदीने तिथल्या लहान ब्रुअरी बुडाल्या होत्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस साऱ्या देशात शंभरही ब्रुअरी उरल्या नव्हत्या, आणि त्या बहुतेक एकाच चवीची बिअर करत. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि घरी स्वतःपुरती बिअर करायला संघराज्याची परवानगी मिळाली. लोक स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये प्रयोग करू लागले. त्यांतले काही युरोपात जाऊन चव घेऊन आले. आज त्या देशात नऊ हजारांहून जास्त ब्रुअरी आहेत.

जेफ लेबेश या विद्युत अभियंत्याने सायकलवरून बेल्जियम पालथा घातला आणि १९९१ साली कोलोरॅडोत किम जॉर्डनबरोबर न्यू बेल्जियम ब्रुअरी काढली. रॉब टॉडने १९९५ साली पोर्टलंडला अलागॅश सुरू केली आणि पहिलीच बिअर केली ती अलागॅश व्हाइट. त्याच वर्षी ब्रसेल्समध्ये डॉक्टरेट केलेल्या कीथ व्हिला याने कूर्स कंपनीत ब्लू मून ही बिअर आणली आणि पेल्याच्या कडेला संत्र्याची चकती लावायची पद्धत रूढ केली. १९९७ साली न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउनला ओमेगँग ही ब्रुअरी फक्त बेल्जियम पद्धतीच्या बिअरसाठी उभी राहिली.

अलागॅश व्हाइट पिताना जाणवते ती निष्ठा. अमेरिकी क्राफ्ट बिअर म्हटलं की हॉप्सचा जोर, कडूपणा, वासांची गर्दी अशी अपेक्षा असते. ते करणाऱ्या शेकडो ब्रुअरी आहेत. इथे तसं काहीच नाही. गव्हाचा मऊपणा आधी, मग सालीचा उजळ वास, धणे मागे, लवंग त्याहून मागे, आणि शेवट कोरडा, स्वच्छ. जिभेवर गोडवा रेंगाळत नाही. एकही वास दुसऱ्याला दाबत नाही. परक्या देशाची रीत शिकताना आधी ती नीट ऐकून घ्यावी लागते, तसं या लोकांनी ऐकलेलं आहे.

पुणे, मुंबई आणि इथून पुढे

हीच वाट पुढे महाराष्ट्रात आली. २००९ साली पुण्यात सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ओलिव्हर शॉफ या जर्मन ब्रुअरच्या साथीने डूलाली सुरू केली. राज्यातल्या मायक्रोब्रुअरींची सुरुवात तिथून. पुण्यातल्याच इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनीने चार धान्यांची सेझों केली, म्हणजे बेल्जियमच्या शेतांवर राबणाऱ्या मजुरांसाठी होणारी कोरडी, मसालेदार वासाची बिअर. मुंबईत लोअर परळला २०१४ मध्ये आलेल्या व्हाइट आउलची स्पार्क ही विटबिअर. आणि २०१५ साली अंकुर जैन यांनी आणलेली बिरा ९१ व्हाइट सुरुवातीला चक्क बेल्जियममध्ये बनून भारतात येत असे. जैन काही वर्षं न्यूयॉर्कला राहिलेले. म्हणजे भारतीयांपैकी अनेकांना बेल्जियमची चव प्रथम ज्या बाटलीतून कळली तिच्यामागेही अमेरिकेतला मुक्काम होता.

विटबिअर आपल्या हवेला आणि आपल्या ताटाला साजते, हे कशेळीत लगेच पटतं. बेल्जियममध्ये तिच्याबरोबर शिंपल्या खातात. इथे खाडीकाठी तिसऱ्या आहेत, कोळंबी आहे, तांदळाची भाकरी आहे. हलकी आंबटसर धार आणि बारीक बुडबुडे तेलकटपणा जिभेवरून उचलून नेतात. धणे तर रश्श्यात आधीपासून असतातच. फार कडू बिअर तिखटाला आणखी चिथावते, ही तसं करत नाही.

चव घ्यायची तर थोडी रीत पाळावी. बर्फगार नको, फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबावं, कारण फार गारव्यात वासाचे रेणू फारसे उडत नाहीत. पेला रुंद तोंडाचा. बाटली आडवी करून हलकेच फिरवून तळाचं यीस्ट मिसळून घ्यावं, ते फेकायचं नाही. आधी वास, मग छोटा घोट, मग तोंड मिटून नाकातून श्वास. फळाचा आणि लवंगेचा वास या परतीच्या श्वासातच सर्वांत स्पष्ट येतो. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि पिण्याचा परवानाही लागतो. आणि या बिअरची खरी मजा एका पेल्यात पुरी होते, दुसऱ्यात नाक थकलेलं असतं.

युनेस्कोने २०१६ साली बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. वारसा इमारतीत किंवा मातीत असतो असं आपण धरून चालतो. इथे तो एका पेशीत आहे, जी अंगातली दोन जनुकं जागी ठेवून आहे, आणि त्या पेशीला पुढच्या पिंपात नेणाऱ्या माणसांत आहे. हुगार्डनच्या म्हाताऱ्यांनी चव लक्षात ठेवली, दूधवाल्याने ती हातात घेतली, टेक्सासने आणि मेनने ती शिकून घेतली, पुण्या-मुंबईच्या तरुणांनी ती इथल्या धण्यांवर पुन्हा बसवली. यांतला एकही दुवा तुटला असता तर धणे असते, संत्री असती, गहू असता, आणि तरीही ही बिअर नसती.

म्हणून पुढच्या वेळी पुण्याच्या किंवा मुंबईच्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत विटबिअर मागवाल तेव्हा धणे कुठले, साल कुठली हे जरूर विचारा. पण त्याआधी ब्रुअरला विचारा, यीस्ट कुठलं आहे आणि ते किती पिंपांपासून चालत आलंय. ज्याने ते जिवापाड सांभाळलं आहे तो ब्रुअर त्या एका प्रश्नावर तुमच्याशी तासभर बोलेल.